तूस बॉयलरला, पैसा बाटलीला

भात पोटरीला आला, वर दोन दिवस आभाळ भरून राहिले आणि पहाटे दव पडू लागले, की पातीवर करप्याचे ते ओळखीचे, डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसू लागतात. मग शेतकरी चार पाने खुडून खिशात घालतो आणि तालुक्याच्या कृषी केंद्राची वाट धरतो. हे दरवर्षीचेच आहे. फरक एवढाच, की पूर्वी त्याच्या पिशवीत बुरशीनाशकाची पुडी पडायची, आता पुडीसोबत एक बाटलीही पडते. बाटलीवर ठळक अक्षरांत 'सिलिकॉन' लिहिलेले असते. "काका, यानं पात कडक होते, रोग चढतच नाही," असे दुकानदार सांगतो. युरियाची गोणी हवी असेल तर ही बाटलीही घे, असा प्रकारही खरिपात कित्येकांच्या वाट्याला आला आहे. घरी येऊन बाटली फवारली जाते. करपा थांबला तर बाटलीने थांबला आणि नाही थांबला तर 'हवामानच तसं होतं'.

दुकानदार खोटे बोलतो का? पूर्ण खोटे बोलत नाही, आणि इथेच पंचाईत आहे. सिलिकॉनमुळे भाताची पात कडक होते हे खरे. रोग कमी लागतो हेही खरे. पण तो सिलिकॉन पानावर बाटलीने शिंपडून मिळवायचा, की मुळातून वर चढलेला हवा, किती हवा, कोणत्या पिकाला हवा आणि तो आपल्याच खळ्यावर पडून असताना विकत का घ्यायचा, हे प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. रायगड जिल्ह्याला एके काळी भाताचे कोठार म्हणत. त्या कोठारातला सिलिकॉन आपण ट्रक भरभरून बाहेर घालवतो आणि परत घेतो तो ग्रॅमच्या हिशेबाने. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

मुळाला दोन दारे

सिलिकॉन हे काही नवे औषध नाही. जमिनीच्या कवचात प्राणवायूच्या खालोखाल सर्वांत जास्त असलेले हे मूलद्रव्य आहे, वजनाने शेकडा अठ्ठावीसच्या घरात. आपली वाळू, दगड, माती सगळी त्याचीच बनलेली. मग एवढे ढीगभर असताना पिकाला कमी कसे पडते? कारण वाळूचा कण मुळाला खाता येत नाही. पाण्यात विरघळलेला सिलिकॉन, ज्याला सिलिसिक आम्ल म्हणतात, तेवढाच मुळात शिरतो, आणि जमिनीच्या ओलीत तो फार थोडा असतो. घरात धान्याचे पोते आहे पण दळलेले पीठ मूठभरच, तसे हे आहे.

भाताच्या मुळाने यासाठी खास सोय करून ठेवली आहे. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठातले शास्त्रज्ञ ज्यान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली भाताच्या मुळातला सिलिकॉन आत घेणारा जनुक शोधून काढला आणि पुढच्याच वर्षी दुसरा. एका जनुकामुळे मुळाच्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला एक दार तयार होते, त्यातून सिलिसिक आम्ल आत येते. दुसऱ्यामुळे आतल्या अंगाला दार तयार होते, त्यातून ते पुढे ढकलले जाऊन खोडाकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेला लागते. दोन्ही दारे असली तरच माल पोचतो. ज्या भातात पहिले दार बिघडलेले होते, ते त्यांनी शेतात लावून पाहिले. ते रोग-किडींना लवकर बळी पडले आणि दाणाही फार कमी भरला. बाकी सगळी खते मिळूनसुद्धा!

वर गेल्यावर काय होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. पाण्याबरोबर सिलिकॉन पानापर्यंत जातो. पाणी वाफ होऊन उडते, सिलिकॉन मागे राहतो, घट्ट होतो आणि पानाच्या वरच्या सालीखाली काचेसारखा थर धरतो. तुसात तर तो सर्वांत जास्त साठतो. भात झोडताना अंगाला खाज सुटते, गवताची पात ओढली तर बोट कापते, कापणीत विळ्याची धार लवकर जाते, या सगळ्यामागे ही काचच आहे. सुकवलेल्या भाताच्या रोपात वजनाने शेकडा दहापर्यंत सिलिका सापडते. नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी कोणतेही एवढे नसते.

करप्याची बुरशी पानावर बसते, चिकटते आणि सालीला दाब देऊन भोक पाडते. खाली काचेचा थर असेल तर तिला भोक पाडायला वेळ लागतो. एवढेच असते तर ही भिंत झाली असती. पण पुढे कळले, की सिलिकॉन मिळालेले रोप बुरशी शिरू लागताच तिला मारक असे पदार्थ लवकर आणि जास्त तयार करते. म्हणजे भिंतही आहे आणि आत राखणदारही जागा आहे. त्यामुळे ठिपके कमी पडतात आणि पडले तरी लहान राहतात. करप्याशिवाय तपकिरी ठिपके आणि पर्णकोष करपा यांतही फायदा दिसला आहे. खोडकिड्याच्या अळीला कडक खोड पोखरायला जड जाते, तिचे दात झिजतात. परतीच्या पावसात भात लोळतो तेव्हा खोडाचा कडकपणा कामी येतो. पानातून वाया जाणारे पाणी कमी होते, म्हणून पावसाने ओढ दिली तर रोप थोडे जास्त दिवस तग धरते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. पानात एकदा काच झालेला सिलिकॉन तिथून हलत नाही. जुन्या पानातला काढून नव्या पानाला देणे रोपाला जमत नाही. नत्राचे तसे नसते. म्हणून सिलिकॉनचा पुरवठा रोपापासून सतत हवा, आणि पोटरी ते फुलोरा या काळात भाताला तो सर्वांत जास्त लागतो. करपा दिसल्यावर दिलेला सिलिकॉन म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेतल्यासारखे. सिलिकॉन औषध नव्हे, रोपाच्या अंगची ताकद आहे. करपा आलाच तर बुरशीनाशक लागणारच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांनी भातावर केलेल्या प्रयोगांत सिलिकॉन दिलेल्या शेतात बुरशीनाशक कमी मात्रेत पुरले. पुरले म्हणजे लागलेच नाही, असे नव्हे.

दुसरी गोष्ट युरियाची. युरिया जास्त झाला की पात लुसलुशीत, लांब आणि झुकलेली होते. वाढ एकदम होते, सिलिकॉन मात्र तेवढाच राहतो, तो पातळ पसरतो. करपा अशाच शेतात आधी येतो हे कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. एका हाताने युरिया ओतायचा आणि दुसऱ्या हाताने सिलिकॉनची बाटली, यातून दुकानदाराचा फायदा दोन्हीकडून होतो.

कोणत्या पिकाला, कोणत्या जमिनीला

सिलिकॉन भरभरून घेणारी पिके म्हणजे मुख्यतः गवत कुळातली: भात, ऊस, गहू, ज्वारी, बाजरी, मका. काकडी, दुधी, भोपळा ही वेलवर्गीय पिके मध्यम घेतात, त्यांच्या भुरी रोगावर सिलिकॉनचा चांगला परिणाम प्रयोगांत दिसला आहे. टोमॅटो आणि कांदा यांच्या मुळातून फारच थोडा वर जातो. आपल्याकडे अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही ही बाटली खपवली जाते आणि आंबा बागायतदारालाही. भाताचा अनुभव सांगून कांद्याला विकणे म्हणजे म्हशीच्या दुधाचा आकडा सांगून शेळी विकण्यासारखे आहे. कांद्याला अजिबात काही होणार नाही असे माझे म्हणणे नाही, पण भातात जे घडते ते तिथे घडेल अशी आशा धरून पैसे घालू नयेत.

आता जमीन. आपली कोकणची जांभी जमीन कशी बनली? हजारो वर्षे धो धो पाऊस पडून दगडातली सिलिका विरघळून वाहून गेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियम राहिले, म्हणून ती तांबडी. म्हणजे जांभ्याची जडणघडणच सिलिका जाण्यातून झालेली आहे. आजही वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिच्यातून निचरतो. घाटावरच्या काळ्या जमिनीचे तसे नाही, तिथे विरघळणारी सिलिका बरी असते. तेव्हा विदर्भातल्या काळ्या रानातला अनुभव आपल्याला जशास तसा लागू नाही आणि आपला त्यांना नाही.

पेण-अलिबागकडच्या खार जमिनींचा विषय आणखी वेगळा. भाताच्या मुळातून काही पाणी फटीफटीतून चोरवाटेने वर जाते आणि मीठ मुख्यतः त्या वाटेने शिरते. सिलिकॉनने ही चोरवाट बरीच बंद होते आणि पानात मीठ कमी पोचते, असे प्रयोगशाळेतल्या रोपांत दिसले आहे. खारेपाटातल्या शेतकऱ्याने याकडे लक्ष द्यायला हरकत नाही. पण उधाणाने फुटलेला बाहेरकाठा राखेने बुजत नाही, त्यासाठी खारभूमी खात्याच्याच मागे लागावे लागणार.

बाटलीचा हिशेब

जगातले आकडे एकत्र करून भातशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत आणि फ्लोरिडा विद्यापीठातल्या दोघा शास्त्रज्ञांनी १९९७ साली एक मोठा आढावा लिहिला. त्यात हेक्टरी पन्नास क्विंटल भाताचे पीक जमिनीतून साधारण २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते असा अंदाज आहे. आता बाटली हातात घ्या. तिच्यावर दोन टक्के लिहिलेले असेल तर एक लिटरमध्ये वीस ग्रॅम झाले. पाच लिटर फवारले तरी शंभर ग्रॅम. किलो कुठे आणि ग्रॅम कुठे!

"पण पानातून थेट मिळतो ना?" असा प्रश्न येतो. सिलिकॉनला आत घ्यायची दारे आहेत ती मुळाला. पानाच्या सालीतून तो फार कमी शिरतो. गव्हाच्या भुरीवर कॅनडात झालेल्या प्रयोगांत मुळातून दिलेला सिलिकॉन जास्त परिणामकारक ठरला. फवारणीने भुरी थोडी कमी झाली ती मुख्यतः पानावर बसलेल्या थराने, रोपाच्या अंगची ताकद वाढून नव्हे. फवारणीने काही ठिकाणी उत्पादनात फरक पडल्याचे अहवाल आहेत, ते मी नाकारत नाही. पण तो फरक 'भाताची सिलिकॉनची भूक भागली' म्हणून पडला असे कोणी सांगू लागला तर वरचा वीस ग्रॅमचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

आणखी एक गोंधळ आहे आणि तो फार लोकांचा होतो. औषध पानावर नीट पसरावे म्हणून जो 'सिलिकॉन स्प्रेडर' किंवा चिकटद्रव्य मिळते, त्याचा आणि पिकाच्या सिलिकॉनचा काही संबंध नाही. त्याने थेंब पसरतो, पात कडक होत नाही. दोन्ही बाटल्यांवर शब्द तोच असल्याने शेतकरी एक समजून दुसरे घेतो. तसेच काही लेबलवर 'सिलिकॉन' टक्के असतात, काहींवर 'सिलिका'. शंभर किलो सिलिकेत सिलिकॉन असतो ४७ किलो. त्यामुळे सिलिकेचा आकडा दुप्पट दिसतो, माल तेवढाच असतो.

कायद्याचेही पाहू. पिकाची वाढ सुधारण्याच्या नावाखाली विकली जाणारी टॉनिके बरीच वर्षे कोणत्याच कायद्यात बसत नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून त्यांना 'जैव उत्तेजक' म्हणून आत घेतले. कंपन्यांना तात्पुरती प्रमाणपत्रे दिली, त्यांची मुदत वाढवत वाढवत नेली, ती अखेर १६ जून २०२५ ला संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले, की एके काळी अशी तीस हजारांवर उत्पादने विकली जात होती, नंतर आठ हजार राहिली आणि कडक तपासणीनंतर साडेसहाशेच्या आसपास उरली. म्हणजे इतकी वर्षे आपण काय काय फवारले असेल याचा विचार ज्याने त्याने करावा. त्याच महिन्यात त्यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अनुदानित खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारणे थांबवा असेही कळवले. पत्र मंत्रालयात पोचले असेल. ते तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचले का, हे कृषी सहायकाने पाहायचे आहे. (२०२५ मध्ये त्याचे नाव 'सहायक कृषी अधिकारी' झाले, गावात मात्र अजून कृषी सहायकच म्हणतात.)

सिलिकॉनच्या बाटल्या कोणी खत म्हणून विकतो, कोणी उत्तेजक म्हणून. काहीही असो, खत नियंत्रण आदेशात बसल्याचा उल्लेख आणि घटकांचे टक्के लेबलवर नसतील तर घेऊ नये आणि घेतलीच तर पक्के बिल मागावे. बिल न देता 'घेऊन जा हो, आपलंच दुकान आहे' म्हणणाऱ्याच्या आपलेपणाची किंमत आपणच मोजतो.

तुसाची किंमत

आता खळ्यावर या. एक एकरात सोळा क्विंटल भात झाला असे धरा. भाताच्या वजनात तूस साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे सव्वातीन क्विंटलच्या जवळपास. ते जाळले तर पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, साठ-पासष्ट किलो. आणि त्या राखेत शेकडा ८५ ते ९५ सिलिका असते. जगात एवढी सिलिका देणारी पिकाची राख दुसरी क्वचितच असेल. म्हणूनच कारखाने तूस उचलतात. बॉयलरला जळण होते आणि राख सिमेंट-काँक्रीटवाल्यांना लागते. आपण भात गिरणीत देतो, तांदूळ घेऊन घरी येतो आणि तूस गिरणीवाल्याकडे सोडतो. त्यात त्याची काही चूक नाही, आपणच मागत नाही.

हीच गोष्ट डॉ. सावंतांनी नव्वदच्या दशकात आपल्याकडे सांगितली. त्यांच्या चारसूत्री भात लागवडीतले पहिलेच सूत्र भाताच्या तुसाचा आणि पेंढ्याचा फेरवापर हे होते. दुसरे गिरिपुष्पाचा पाला, तिसरे दोरीवर नियंत्रित लावणी आणि चौथे युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट. नंतर ब्रिकेट लोकांच्या लक्षात राहिल्या, कारण त्या विकत मिळत होत्या आणि शिबिरांत वाटल्या जात होत्या. पहिले सूत्र मात्र मागे पडले. राखेची जाहिरात कोण करणार?

त्या शिफारशीत रोपवाटिकेत तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळायची आहे, आणि पेंढा हेक्टरी दोन टन पहिल्या नांगरणीला गाडायचा आहे. एवढ्या पेंढ्यातून १०० ते १२० किलो सिलिका आणि २० ते २५ किलो पालाश मिळते. आपले वाडवडील राब भाजायचे, त्यातही हेच होत होते. कवळ, गवत आणि शेणकुटाच्या राखेतून पालाश आणि सिलिका आवणाला मिळत होती, तणाचे बीही जळत होते. पण राबासाठी झाडे ओरबाडली गेली आणि आता कवळ तोडायला माणूस मिळत नाही. तुसाची राख हा त्याला सोपा पर्याय आहे.

प्रामाणिकपणे हिशेब केला तर घरचे तूस पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. एकराच्या लावणीला चार गुंठे आवण धरले तर अर्ध्या किलोच्या हिशेबाने दोनशे किलो राख लागते आणि घरच्या तुसाची होते साठ-पासष्ट. बाकीचे तूस गिरणीतून आणावे लागेल, किंवा जेवढी आहे तेवढ्या राखेत एक-दीड गुंठा आवण करून शेजारच्या वाफ्याशी ताडून पाहावे. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी दुसरेच करावे. आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोकणी माणूस ऐकत नाही आणि ते बरोबरच आहे.

तूस कसे जाळायचे, इथे चूक होते. ढीग करून मंद धुमसू द्यावे आणि काळे झाले की पाणी मारून विझवावे. पांढरी किंवा गुलाबी होईपर्यंत कडक आचेवर जळू देऊ नये. सातशे अंश सेल्सिअसच्या वर फार वेळ तापले की सिलिकेचे स्फटिक होतात, ती जमिनीत विरघळत नाही आणि तिची धूळ छातीला वाईट. म्हणून बॉयलरची राख फुकट मिळते म्हणून ट्रॉली भरून आणण्यात अर्थ नाही, ती कोणत्या आचेची आहे ते कळत नाही. राख हलकी असते, वाऱ्याने उडते, म्हणून ओली करूनच पसरावी आणि लगेच मातीत मिसळावी. युरियाबरोबर एकत्र कालवू नये, अमोनिया उडून जातो. जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र भरडून निघतो, तो गुरांकडेच जाऊ द्या. स्वच्छ तूस रबरी रोलच्या गिरणीत मिळते.

खरा मोठा साठा तुसात नसून पेंढ्यात आहे. ज्याच्याकडे गुरे आहेत त्याने काळजी करू नये. गुरांना सिलिका पचत नाही, ती शेणात उतरते, म्हणून शेणखत खाचरात गेले की ती परत आली. पण आता गुरे कमी झाली. पेंढा खळ्यावरूनच टेम्पोत चढतो आणि जिल्ह्याबाहेर जातो. शेणखत तर भाताला कोण घालतो? ते गेले तर बागेत जाते. म्हणजे दरवर्षी खाचरातून पेंढा जातो, तूस जाते आणि परत काहीच येत नाही. पेंढा विकू नका असे सांगणे सोपे आहे, विकणाऱ्याला रोख रक्कम दिसते. निदान कापणी जराशी वरून करून धस शेतात राहू द्यावे आणि ते जाळू नये. घाटावरच्या ऊसवाल्यांनाही पाचट जाळू नका, ते याचसाठी सांगतात, ऊस तर सिलिकॉन घेण्यात भाताचा भाऊ आहे.

सरकारी दप्तरात सिलिकॉन नाही

जपानमध्ये १९५५ साली सिलिकेट खताला भातासाठी सरकारी मान्यता मिळाली. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ते तयार करतात. कोरियात तर सरकारने शेतकऱ्यांना ते पुरवले. ब्राझीलने २००४ मध्ये सिलिकॉनला खताच्या कायद्यात घेतले. आपल्याकडे २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली, तिच्यात बारा तपासण्या आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सिलिकॉन नाही. जे मोजलेच जात नाही त्याची शिफारस होत नाही, आणि शिफारस नसली की ती जागा बाटलीवाला भरतो. राज्यात भाताखाली सुमारे पंधरा लाख हेक्टर आहे. साऱ्या देशासाठी तेरावी तपासणी नको असेल तर निदान भाताच्या तालुक्यांत आणि जांभ्या जमिनीत ती व्हायला हवी. दापोलीचे विद्यापीठ आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र आपल्या हाकेवर आहेत. ग्रामसभेत ठराव करून तालुका कृषी अधिकाऱ्यांमार्फत ही मागणी वर पाठवायला खर्च कागदाचाच आहे.

ग्रामपंचायत आणि सोसायटी यांना याहून जवळचे एक काम करता येईल. गावाची किंवा शेजारची गिरणी ठरवून तिचे चाळीस-पन्नास पोती तूस आवणासाठी राखून ठेवायचे आणि एकाच ठिकाणी, वस्तीपासून दूर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्याची काळी राख करायची. प्रत्येकाने आपल्या परसात धूर करण्यापेक्षा हे बरे. सोसायटीने मेमध्ये युरियाच्या गोण्यांबरोबर राखेचीही पोती वाटली तर कोणी नाही म्हणणार नाही. गिरणीवाल्याला कारखान्याइतका भाव द्यावा लागेल, तो द्यावा. फुकट मागितले तर तो पुढच्या वर्षी दार उघडणार नाही.

बोलणी मात्र मळणीच्या दिवसांतच, फार तर पौषापर्यंत करावी लागतील. वैशाखात कोणी विचारायला गेला तर तूस बॉयलरला गेलेले असते.